मासा बुडाल्याचा खुलासा

मेमो तीन ओळींचा होता. प्राणिशास्त्र प्रयोगशाळेच्या टाकीतील मरळ जातीचा मासा पाण्यात बुडून मेला, अशी नोंद आपण केली आहे. मासा पाण्यात बुडून कसा मरतो, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास आपल्या सेवापुस्तकात तसा शेरा घेण्यात येईल. खाली हेडक्लार्कची सही आणि सहीखाली दोन रेघा. एक रेघ रोजची, दुसरी रागाची.

बरणीमावशीने मेमो दोनदा वाचला, त्याची घडी चष्म्याच्या डबीत ठेवली आणि ती विच्छेदनाचे मेणाचे ट्रे पुसायला लागली. हात नेहमीसारखे चालत होते. फक्त एकच ट्रे तिने तीनदा पुसला.

महाविद्यालयात येऊन तिला बत्तीस वर्षं झाली होती. निवृत्तीला नऊ आठवडे राहिले होते. एवढ्या वर्षांत तिच्या सेवापुस्तकात लाल शाईचा एक ठिपकाही पडला नव्हता आणि त्या पुस्तकावर तिचा फार जीव होता. त्याला कारण तिची थोरली बहीण. नोकरीच्या पहिल्या दिवशी ताई म्हणाली होती, "तू? आणि ऑफिसात? महिन्याभरात काहीतरी उद्योग करून ठेवशील आणि परत येशील." तो महिना संपायला बत्तीस वर्षं लागली होती. निवृत्तीच्या दिवशी ते कोरं पुस्तक ताईच्या शिलाई मशीनवर आपटायचं, हे मावशीने कधीच ठरवून टाकलं होतं.

आणि ताईचा अंदाज तसा चुकलेला नव्हता. मावशी उद्योग करायचीच. फक्त ते सापडायचे नाहीत.

तिचं काम परिचराचं. बरण्यांतलं फॉर्मालिन बदलायचं, झाकणांच्या कडेला ग्रीस लावायचं, उडालेल्या अक्षरांच्या चिठ्ठ्या नव्याने लिहायच्या, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवरचे विद्यार्थ्यांच्या पापण्यांचे डाग पुसायचे. संग्रहालयाच्या खोलीत चारशे अकरा बरण्या होत्या आणि कुठल्या बरणीत कोण आहे, ते ती डोळे मिटून सांगायची. पहिल्या वर्षाची मुलं आली की ती कपाटातला सांगाडा दाखवून गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "हा प्रॅक्टिकलला उशिरा यायचा." पुढचे चार महिने सगळे वेळेवर यायचे. एकदा तिने समुद्री काकडीच्या बरणीवर आठ दिवस 'उपप्राचार्य' अशी चिठ्ठी लावून ठेवली होती. ती चिठ्ठी उपप्राचार्यांनी स्वतः वाचली, हसले आणि सगळ्या विद्यार्थ्यांना जाब विचारला. मावशीला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मरळ आली ती चार वर्षांपूर्वी. मासळीबाजारात मरळ जिवंत विकतात. उथळ घमेल्यात तळहाताएवढं पाणी असतं आणि तेवढ्यात ती दिवसभर तग धरते. मावशीने बोटभर लांबीची दोन पिल्लं डब्यातून आणली होती. त्यांतलं एक वर्षभरात गेलं. नोंदवहीत मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, 'मांजराने नेले.' हेडक्लार्कने त्याखाली निमूटपणे सही केली होती. मांजर त्यांना पटलं होतं. आता पाणी पटत नव्हतं.

उरलेलं पिल्लू वाढत वाढत हाताएवढं झालं. काळपट हिरवं, गोल अंगाचं, सापासारख्या चपट्या डोक्याचं. डाव्या डोळ्याच्या वर एक पांढरा ओरखडा होता. झाकणावर उडी मारताना झालेला. मावशी त्याला मुकादम म्हणायची, कारण त्याची रीत मुकादमाची होती. तळाला निवांत पडून राहायचं, काही मिनिटांनी वर यायचं, सगळीकडे एक नजर टाकायची, तोंड उघडून हवेचा घोट घ्यायचा आणि कुठल्याही कामाला हात न लावता पुन्हा खाली जायचं.

हा घोट हेच दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. टाकीसमोर घड्याळ घेऊन बसायचं आणि मासा तासाभरात किती वेळा वर येतो ते मोजायचं. पण मुलं मोजायची नाहीत. एकाने लिहिलेला आकडा चाळीस वह्यांत जायचा. शेवटी विभागप्रमुख मॅडमनी एक वही मावशीच्या हातात दिली. "मावशी, खरी नोंद तुम्हीच ठेवा." चार वर्षं मावशीने श्वास मोजले. उकाड्याच्या दुपारी दर तीन मिनिटांनी. गारठ्यात आठ, कधी दहा. भूक लागली की लवकर, पोट भरलं की उशिरा. ती नोंद मॅडमनी कुठल्याशा परिषदेत वाचली होती आणि शेवटी मावशीचे आभारही मानले होते. छापील कागदावर तिच्या हुद्द्यासकट. तो कागद मावशीच्या घरी कपड्यांच्या घडीखाली होता.

मुलांना समजवायची तिची पद्धत वेगळी होती. "कल्ले याला आहेत, पण तेवढ्यावर याचं भागत नाही. डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा साठवायची एक छोटी खोली आहे. ती खोली भरायला वर यावंच लागतं. म्हणून बाकीचे मासे जिथे तडफडतील, त्या गाळाच्या, गवताने गच्च भरलेल्या, साचलेल्या पाण्यात हा आरामात राहतो. तळं आटलं तर चिखलात शिरून बसेल. ओल्या गवतातून सरपटत दुसरं पाणी गाठेल. पण वर यायची वाट बंद केलीत ना, तर भरल्या पाण्यात गुदमरून मरेल."

"मावशी, हा शिकार कशी करतो?"

"तुमच्यासारखी धावपळ करत नाही. गवतात लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून राहतो. बेडकाला वाटतं, लाकूडच आहे. बेडकाचं वाटणं तिथेच संपतं."

तर असा हा मुकादम एका दुपारी झाकण ढकलून टाकीबाहेर पडला आणि नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवरून सरपटत थेट ऑफिसच्या दारापर्यंत गेला. दार हेडक्लार्क भाऊसाहेबांनी उघडलं. ऑफिसातल्या लोकांनी पुढे सांगितलं की भाऊसाहेब एका झटक्यात खुर्चीवर चढले, खुर्चीवरून टेबलावर गेले आणि टेबलावरून त्यांनी आदेश काढला. आदेश लेखी होता. 'सदर माशाची टाकी काठोकाठ भरून घ्यावी. झाकण घट्ट लावून त्यावर वजन ठेवावे.' मावशीने "हो, हो," म्हटलं, वरची चार बोटं मोकळी ठेवली आणि आदेश फायलीत लावला.

त्यानंतर आली तपासणी समितीची यादी. संग्रहालयात कोणकोणते नमुने हवेत, त्याची. चौदाव्या क्रमांकावर होती, मरळ, एक. जुनी मरळ भिंत रंगवताना शिडी लागून बरणीसकट फुटली होती. प्राचार्य गणिताचे. ते यादी घेऊन प्रयोगशाळेत आले, त्यांनी टाकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "यादीत एक, टाकीत एक. बरोबर झालं. घाला बरणीत."

मॅडम प्रशिक्षणाला गेल्या होत्या. मावशी म्हणाली, "सर, हा जिवंत आहे."

"म्हणूनच म्हणतो, ताजा आहे. लवकर घाला."

शुक्रवारी दुपारी मावशीने मोठी बरणी धुऊन पुसून ठेवली. फॉर्मालिन मोजून घेतलं. चिठ्ठीसुद्धा लिहिली, सुवाच्य अक्षरात. बत्तीस वर्षांत तिने किती जीव बरणीत घातले असतील, याचा हिशोब तिला ठेवता आला नसता. त्यांच्याबद्दल तिला कधी काही वाटलं नव्हतं, असंही नाही. पण काम ते काम. मग ती टाकीसमोर बसली. बसली आणि सवयीने घड्याळाकडे पाहिलं. मुकादम वर आला, त्याने तिच्याकडे पाहिलं, घोट घेतला आणि तो खाली गेला. तिने वहीत वेळ लिहिली. बारा चाळीस. आणि लिहिता लिहिताच तिच्या लक्षात आलं की आपल्याच्याने हे होणार नाही. दुसऱ्या कुणाचे श्वास तिने असे लिहून ठेवले नव्हते.

पुढच्या अर्ध्या तासात जे घडलं ते तिने अगदी पद्धतशीर केलं. मुकादमाला ओल्या गोणपाटात गुंडाळून बादलीत घातलं, वर पोछा टाकला आणि मागच्या दाराने ती वनस्पतिशास्त्राच्या बागेत गेली. तिथे काचघराच्या मागे दोन वर्गांएवढं जुनं दगडी तळं होतं. कमळाची पानं, पाण्याखाली दाट गवत, तळाला कंबरभर गाळ. माळ्याचा दुपारचा डोळा लागला होता. गोणपाट उघडलं, एकदाच पाणी ढवळलं आणि सगळं शांत झालं.

परत येऊन तिने रिकामी टाकी काठोकाठ भरली. झाकण घट्ट लावलं, त्यावर दगड ठेवला. बत्तीस वर्षांत एखादा आदेश इतका तंतोतंत पाळण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

सोमवारी तिने नोंद केली की दोन दिवसांच्या सुट्टीत मासा टाकीत बुडून मेला, उकाड्याने फुगून खराब झाला, म्हणून पुरला. आणि मंगळवारी मेमो आला.

खुलासा लिहायला तिला एक संध्याकाळ लागली. मरळ हा मासा हवेतून श्वास घेतो, हे तिने चार ओळींत लिहिलं. त्याला पाण्याच्या वर यायला जागा लागते, हे दोन ओळींत. 'आपल्या आदेशानुसार सुट्टीपूर्वी टाकी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावल्यामुळे ही जागा उरली नाही व मासा गुदमरला. आदेशाची प्रत सोबत जोडली आहे.' हे शेवटचं वाक्य लिहिताना तिला इतकं हसू आलं की सही वाकडी झाली. तेव्हा तिला वाटलं होतं, आपण फार हुशारी केली.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये चौघं जमली. प्राचार्य, हेडक्लार्क, त्याच सकाळी प्रशिक्षणाहून परतलेल्या मॅडम आणि दाराजवळ मावशी.

प्राचार्यांनी खुलासा वाचला आणि हसले. "मासा बुडून मेला. उद्या म्हणाल, पक्षी उडून मेला."

"तेच म्हणतो मी, सर," हेडक्लार्क म्हणाले. "जितकं पाणी जास्त तितकं माशाला बरंच की. हे सरळसरळ हलगर्जीपणा झाकणं आहे."

"सर, मावशी बरोबर सांगतायत," मॅडम म्हणाल्या.

प्राचार्यांनी खुलासा पुन्हा उचलला.

"बरोबर म्हणजे?"

"मरळ बुडते. वर येऊ दिलं नाही तर काही तासांत मरते. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात आहे." मग त्या मावशीकडे वळल्या. "मावशी, वहीत शेवटची नोंद कितीची?"

"बारा चाळीस. शुक्रवार."

"आणि टाकी कधी धुतलीत?"

"सोमवारी, मॅडम. घासून."

"हं. मी आत्ता बघून आले. दोन दिवस मेलेला मासा पडलेली टाकी, पण वास अजिबात नाही. चांगली घासलीत." मॅडमनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मावशीने नजर प्राचार्यांच्या मागच्या कॅलेंडरवर नेली आणि पुढचे सगळे सोमवार मोजले.

प्राचार्यांना वासाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना उत्तर हवं होतं. "ठीक. मासा बुडतो. टाकी काठोकाठ भरायचा आदेश कुणाचा?"

हेडक्लार्कने चष्मा पुसायला घेतला. प्रत समोरच होती, दोन रेघांसकट.

"मग शेरा तुमच्या पुस्तकात, भाऊसाहेब. समितीपुढे मासा कुठे गेला, ते कुणाच्या तरी नावावर दाखवावं लागेल. पुस्तकं सगळी तुमच्याच ताब्यात असतात ना? लिहा आणि सोमवारी माझ्या सहीला आणा."

म्हणजे गेली वीस वर्षं सगळ्यांच्या पुस्तकात लाल शाईने लिहिणाऱ्या माणसाला आता स्वतःच्या पुस्तकात, स्वतःच्या अक्षरात लिहायचं होतं. एरवी ही बातमी मावशीने चहाच्या खोलीत चवीचवीने सांगितली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेडक्लार्क प्रयोगशाळेत आले. टाकीवरून दोनदा पुसल्यासारखा हात फिरवला आणि समोरच्या स्टुलावर बसले. चष्मा कपाळावर सरकवला.

"मावशी, किती वेळ लागला असेल हो त्याला?"

"कशाला, भाऊसाहेब?"

"मरायला."

मावशीच्या हातात चिमटा होता. तो तिने विनाकारण ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पुन्हा काढला.

"लहानपणी मी विहिरीत पडलो होतो," ते म्हणाले. "पोहता येत नाही मला. आजही येत नाही. वर यायचो, तोंड उघडायचो, परत खाली. काकाने दोर टाकेपर्यंत असं चार-पाच वेळा झालं असेल. वरचा उजेड दिसायचा. आता रात्रंदिवस एकच डोक्यात येतं. तेव्हा वर काच असती तर?" ते टाकीकडे बघत राहिले. "मला खरंच वाटलं, पाणी जास्त असलं की त्याला बरं वाटेल. उडी मारून फरशीवर पडला होता बिचारा. म्हणून लिहिलं हो तसं. शेऱ्याचं काही नाही. शेरा काय, लिहीन. मोठा का होईना."

ते गेल्यावर मावशी बराच वेळ त्याच स्टुलावर बसली. टाकीत पाणी स्थिर होतं आणि कुणीच वर येत नव्हतं.

घरी ताई मशीनवर परकराला नाडीची पट्टी शिवत होती. दोन खोल्यांपैकी पुढची खोली मशीनची, मागची दोघींची. मावशीने चपला काढता काढताच सगळं सांगून टाकलं. गोणपाट, बादली, दगड, विहीर. ताईचं मशीन थांबलं नाही, पण टाके लांब पडायला लागले.

"माशासाठी खोटं बोललीस," ताई शेवटी म्हणाली. "मी दहावीत नापास झाले तेव्हा अण्णांसमोर माझ्यासाठी एक खोटं बोलली नाहीस."

"तुझ्या बाजूने बोलण्यासारखं काही नव्हतंच, ताई."

"जीभ बघ हिची! मग आता काय करणार?"

"खरं सांगितलं तर शेरा मला लागतो. नऊ आठवड्यांसाठी. बत्तीस वर्षं सांभाळलं मी ते."

"माहितेय मला का सांभाळलंस. माझ्या नाकावर टिच्चून दाखवायचं होतं." ताईने दोरा दाताने तोडला. "तो माणूस रोज बुडतोय तिकडे आणि तू पुस्तक कोरं ठेवून काय करणार आहेस? उशाला घेणार?"

मावशी म्हणाली, "तू जिंकशील ना मग."

"मी जिंकले त्यालाही बत्तीस वर्षं झाली," ताई म्हणाली. "डिवचलं म्हणून तर टिकलीस तू. हात धू. वास येतोय तुझ्या बरण्यांचा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी ऑफिसात गेली. "भाऊसाहेब, घड्याळ घ्या आणि चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"बागेत. काही विचारू नका. आणि पाण्याच्या फार जवळ उभे राहू नका, तुम्हाला पोहता येत नाही."

तळ्याच्या काठावर एक दगड होता. त्यावर तिने त्यांना बसवलं. पाणी हिरवं, जाड, कधी हललंच नसल्यासारखं. कमळाच्या पानांवर ऊन होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. हेडक्लार्क कंटाळून काहीतरी बोलणार एवढ्यात मावशीने त्यांचा हात दाबला. पानांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक काळं लाकूड वर आलं. लाकडाला डोळे होते. डाव्या डोळ्यावर पांढरा ओरखडा. तोंड उघडलं, 'टप्' असा बारीक आवाज झाला, आणि लाकूड खाली गेलं. पाण्यावर एक वर्तुळ राहिलं. तेही हळूहळू पसरत काठाला लागलं.

हेडक्लार्क उभे राहिले. मग बसले. मग पुन्हा उभे राहिले.

"हा तो?"

"तोच."

"म्हणजे मी त्याला मारलं नाही?"

"नाही, भाऊसाहेब."

"म्हणजे तुम्ही..." आता कुठे त्यांना सगळं उलगडलं. मान लाल झाली, कान लाल झाले. "मावशी! तुमच्या वयाला शोभतं का हे? नोंदवहीत खोटं! माझ्या आदेशाची प्रत जोडून! दोन रात्री झोपलो नाही मी! बायको म्हणाली, नातेवाईक होता का तुमचा? आणि हा इथे... इथे मजेत..."

"बोला, भाऊसाहेब. जे बोलायचं ते बोला. माझी चूक आहे."

"बोलतोच आहे! तुमच्यासारखी बाई मी..." आणि ते थांबले, कारण पानांमध्ये पुन्हा हललं. मुकादम वर आला, दोघांकडे पाहून घोट घेतला आणि गेला. हेडक्लार्कच्या हातात घड्याळ होतं. त्यांनी ते नकळत पाहिलं.

"चार मिनिटं वीस सेकंद," ते म्हणाले.

"ऊन वाढलं की अजून लवकर येईल."

"असं?" मग त्यांना आठवलं की आपण रागावलो आहोत. पण राग पुन्हा पहिल्यासारखा जमेना. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, विशेषतः डोळे. "शेरा लिहावा लागेल, मावशी. आता तो माझ्या पुस्तकात बसत नाही. पण कुणाच्या तरी पुस्तकात बसवावा लागेल."

"माझ्यात लिहा."

"नऊ आठवडे राहिलेत तुमचे."

"आठ. लिहा तुम्ही."

सोमवारी हेडक्लार्क प्राचार्यांकडे गेले ते शेरा घेऊन नव्हे, तर अर्ध्या पानाची टिप्पणी घेऊन. सदर मासा मृत नसून प्राणिशास्त्र विभागाकडून वनस्पतिशास्त्र विभागाकडे वर्ग झाला आहे, असं त्यात होतं. बदलीचं कारण, हवामान. मॅडमनी खाली पुस्ती जोडली होती की बरणीतल्या नमुन्यापेक्षा स्वतःच्या अधिवासातला जिवंत नमुना समितीला अधिक आवडेल. प्राचार्यांनी टिप्पणी वाचली, खिडकीतून तळ्याच्या दिशेने पाहिलं, मनात काहीतरी जुळवलं. "यादीत एक, तळ्यात एक," ते म्हणाले. "बरोबर झालं." आणि सही केली.

समिती आली, तळ्याच्या काठी उभी राहिली. मुकादमाने त्यांना सहा मिनिटं ताटकळत ठेवलं. मग वर येऊन समितीची तपासणी केली आणि खाली गेला. अध्यक्षांनी, पुन्हा येईल का, असं विचारलं, आणि ती मंडळी चहा थंड होईपर्यंत तिथून हलली नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी सकाळी हेडक्लार्कने मावशीसमोर तिचं सेवापुस्तक उघडलं. शेवटच्या पानावर लाल शाई होती. मावशीने चष्मा लावून सावकाश वाचलं. 'मासा वर्ग करताना पूर्वपरवानगी घेतली नाही. मासा सुस्थितीत आहे.' खाली सही. एकच रेघ.

"खोट्या नोंदीचं नाही लिहिलंत?"

"जागा पुरली नाही," हेडक्लार्क म्हणाले. पान जवळजवळ सगळं रिकामं होतं.

दुपारी निरोपाची भाषणं झाली. मॅडम थोडं बोलल्या आणि मध्येच थांबल्या, उपप्राचार्य खूप बोलले. ते संपल्यावर मावशी एकटीच मागच्या दाराने बागेत गेली, तर काठावरच्या दगडावर हेडक्लार्क आधीच बसलेले. मांडीवर श्वासांची वही. गेले दोन महिने जेवणाच्या सुट्टीतल्या नोंदी त्यांच्याच अक्षरात होत्या, आणि मावशीच्या नोंदींपेक्षा नीटनेटक्या. सेकंदांसकट.

"मावशी, लवकर या. हे काय आहे बघा. पाण्याला पुरळ उठल्यासारखं दिसतंय."

कमळाच्या पानांपाशी पाणी खदखदत होतं. शेकडो शेंदरी ठिपके एका गोळ्यात फिरत होते. वर येत, खाली जात, सगळा गोळा एकदम वळत.

"पिल्लं आहेत," मावशीचा आवाज खाली आला. "मुकादमाची. हात घालू नका, भाऊसाहेब. आईबाप दोघंही खाली पहाऱ्याला असतात. बोट फोडतील."

हेडक्लार्कने पुढे नेलेला हात झटकन खिशात घातला. गोळ्याच्या खालून एक काळी सावली सरकली. डोळ्यावर पांढरा ओरखडा. तिच्या मागून दुसरी सरकली, तेवढीच लांब, थोडी जाड. ओरखडा नव्हता.

हेडक्लार्कने वहीत वेळ लिहिली. मग पेन थांबलं. दोन महिन्यांत ते पुष्कळ शिकले होते.

"मावशी."

"हं."

"मुकादम इथे येऊन दोनच महिने झाले. ही दुसरी कुठून आली? मरळ काही आभाळातून पडत नाही."

मावशी कमळाची पानं बघत होती.

"तुम्ही दोन पिल्लं आणली होती बाजारातून," ते सावकाश म्हणाले. "नोंदवहीत मी सही केली होती. एक मांजराने नेलं." त्यांनी वही मिटली. "मावशी, प्रयोगशाळेत मांजर होतं कधी?"

"दोघं एका टाकीत मावत नव्हते, भाऊसाहेब. मोठ्याने लहान्याला गिळलंच असतं."

हेडक्लार्कचा हात खिशाकडे गेला. लाल पेन तिथेच होतं. पण सेवापुस्तक सकाळीच बंद होऊन, शिक्का बसून, कपाटात गेलं होतं. त्यांनी पेन बाहेर काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत खिशाला लावलं. त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता हसणाऱ्या माणसांचे हलतात, तसे.

"अजून काय काय वर्ग केलंय तुम्ही या तळ्यात?" त्यांनी विचारलं.

"घड्याळ बघा तुम्ही," मावशी दगडावर त्यांच्या शेजारी बसत म्हणाली. "आता येईल तो वर."